चादर पळाली तर वसुली

सरकारी वॉर्डातून पेशंट पळाला तर रजिस्टरला एक नोंद होते, पोलीस चौकीला कळवलं जातं आणि प्रकरण मिटतं. चादर पळाली तर वसुली निघते.

बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं. इन्चार्ज सिस्टरच्या नावावर अख्खा वॉर्ड चढवलेला असतो. चादरी, ब्लँकेटं, किडनी ट्रे, बेडपॅन, कात्र्या, स्टीलच्या वाट्या, सगळं. तिची बदली झाली की नव्या इन्चार्जला एकेक नग मोजून द्यायचा. आता बाळंतीण घरी निघाली आहे आणि बाळ सरकारी शिक्क्याच्या चादरीत गुंडाळलेलं आहे. काय करायचं? "ताई, तेवढी चादर…" एवढं म्हणेपर्यंत बाळाची आत्या अंगावर येते. "आम्ही काय चोर दिसतो का हो सिस्टर?" नाही हो आत्याबाई. रजिस्टरात एक नग कमी निघाला की चोर मीच ठरणार आहे, तुम्ही निवांत घरी जा.

बरं, फाटकी चादर टाकून द्यावी तर तीही सोय नाही. तिचं निर्लेखन व्हावं लागतं. म्हणजे फाटक्या चादरी मोजायच्या, गाठोडी बांधायची, वर चिठ्ठी लावायची आणि समिती येईपर्यंत जपून ठेवायची. समितीला सवड होत नाही. उंदरांना असते. समिती एकदाची उगवते तोवर उंदरांनी काही चादरींचे दोन-दोन तुकडे केलेले असतात आणि हिशेब चक्क जास्त भरतो. सरकारी आरोग्यसेवेत मागणीपेक्षा पुरवठा जास्त झालेला मी पाहिलाय तो एवढाच.

आमच्या नोकरीविषयी लोकांची कल्पना मोठी छान असते. पांढरा पोशाख, मंद हसू, कपाळावर थंड पट्टी. प्रत्यक्षात ड्युटीचा पहिला अर्धा तास बीपीचं मशिन शोधण्यात जातो. ते शेजारच्या वॉर्डाने 'पाच मिनिटांसाठी' नेलेलं असतं. सापडलं तर सेल संपलेले. सेलचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, स्टोअरला गेलेला असतो आणि स्टोअरकीपर रजेवर. मग सेल आपल्याच पर्समधून. चिकटपट्टी, पेन, टॉर्च हेसुद्धा. देशाच्या आरोग्यावर खर्च वाढवा अशी मागणी तज्ज्ञ मंडळी करत असतात. आम्ही आमच्या परीने वाढवलेला आहे.

आता सलाईनकडे या. सलाईन हे आपल्याकडे औषध नाही, प्रतिष्ठा आहे. "नुसत्या गोळ्यांवर ठेवलंय" ही तक्रार आणि "दोन बाटल्या चढवल्या" ही कौतुकाची बातमी. त्या नळीवर एक छोटं चाक असतं. आख्ख्या वॉर्डात नातेवाइकांना सर्वात जास्त रस असतो तो त्या चाकात.

पाचशे मिलीची बाटली आठ तासांत जायची असेल, तर आमच्या नेहमीच्या सेटमधून 20 थेंबांचा एक मिली पडतो, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. मी घड्याळ धरून थेंब मोजते, चाक बसवते आणि पुढच्या खाटेकडे वळते. पाठ वळली की जावईबापू उठतात. "लवकर संपली तर लवकर सोडतील." चाक पूर्ण उघडं. हृदय कमजोर झालेले सासरे आणि अर्ध्या तासात अर्धी बाटली. म्हातारा उशी सोडून उठून बसतो, तोंड उघडं टाकून श्वास ओढायला लागतो, छातीत घरघर. मग माझी पळापळ: सलाईन बंद, डोकं उंच, ऑक्सिजन, डॉक्टरांना फोन, लघवीचं इंजेक्शन. तासाभराने सासरे स्थिरावतात. जावईबापू बाहेर व्हरांड्यात मोबाईलवर गावाला सांगत असतात, "अरे, सिस्टरचं लक्षच नव्हतं. मी होतो म्हणून."

याच्या उलट दुसरी जमात. तिला चाकाशी देणंघेणं नाही, तिची नजर बाटलीवर. हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी रिकाम्या सिरिंजने हवा टोचून माणसं मारल्यापासून या जमातीला झोप नाही. बाटलीत चार बोटं पाणी उरलं की हाक. "सिस्टर, हवा जाईल!" मी धावत येते. अजून वीस मिनिटं आहेत. परत जाते. "सिस्टर, हवा!" टांगलेली बाटली संपली की थेंब थांबतात आणि नळीत रक्त उलटं चढतं. ते गोठलं की सुई बदलावी लागते, म्हणून वेळेवर बाटली बदलायची असते. जीव जात नाही, हे मी समजावून सांगते. ते मान डोलावतात आणि पुन्हा हाक मारतात. बाजूच्या खाटेवर खरोखर धाप लागलेला माणूस असतो. त्याचा नातेवाईक संकोची असल्यामुळे गप्प बसलेला असतो. आमच्याकडे आजार किती गंभीर आहे यापेक्षा आवाज किती मोठा आहे यावर रांग लागते.

नारळपाण्यावर एक स्वतंत्र लेख होईल. किडनीच्या पेशंटला ते चालत नाही, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हे मी रोज सांगते. रोज उशीखाली शहाळं सापडतं. "थंड असतं ना सिस्टर." असतं. अतीच झालं तर माणूसही थंड होतो.

मग फोन. पेशंटला अजून ताप मोजला नाही तोच कानाशी एक मोबाईल येतो. "बोला, साहेब लाईनवर आहेत." साहेब म्हणजे नगरसेवकाचे पीए, क्वचित पीएंचे मित्र. साहेबांचं म्हणणं एकच असतं, "आपला माणूस आहे, जरा लक्ष द्या." वॉर्डात बाकी सगळी परक्याची माणसं असतात, हे आम्हाला अशा वेळी कळतं. फोन घेतला तर इंजेक्शन लांबतं, नाही घेतला तर मेट्रनच्या केबिनमध्ये उभं राहावं लागतं. वॉर्डात हल्ली ब्रदरही, म्हणजे पुरुष नर्स, असतात. मी पाच मिनिटं उभी राहून आजार समजावून सांगितला की नातेवाईक मागे उभ्या असलेल्या ब्रदरकडे वळून विचारतात, "डॉक्टरसाहेब, हे बरोबर आहे ना?" ब्रदर माझ्याकडे शिकायला आलेला असतो. आणि राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंना हेच लोक बेडपॅन मागतात.

हे सगळं चालवून घेता येतं. माणसं घाबरलेली असतात, घाबरलेला माणूस शहाण्यासारखा वागत नाही, त्याबद्दल माझा राग नाही. राग आहे तो हिशेबाचा.

भारतीय परिचर्या परिषदेचे निकष सांगतात की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हवी, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. वर रजेसाठी 30 टक्के राखीव. वाचूनच गहिवरून येतं. आता रात्री आठ वाजता एखाद्या सरकारी मेडिसिन वॉर्डात डोकवा. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या, दारापाशी ट्रॉलीवर एक जण. टेबलाशी एक सिस्टर, कधी जोडीला एक शिकाऊ मुलगी. रात्रपाळी बहुतेक ठिकाणी आठ ते आठ, म्हणजे 720 मिनिटं. चाळीस पेशंट धरा. वाट्याला 18 मिनिटं. त्यात नाडी-ताप-बीपी, इंजेक्शनं, सलाईन, साखर तपासणं, लघवीची पिशवी रिकामी करून मोजणं, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलणं, नवीन भरती, एखादा मृत्यू आणि त्याचे कागद, सगळं बसवायचं. खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदला असं पुस्तकात आहे. पुस्तक लिहिणाऱ्याकडे दुसरी सिस्टर होती.

हे माझं रडगाणं नाही, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांत लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली. अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. नर्सकडे एक पेशंट वाढला की पेशंट महिन्याभरात दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. एक पेशंट वाढला की! कॅलिफोर्नियाने तर एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट हा आकडा कायद्यात घातला आणि 2004 पासून लागू केला. आमच्याकडे निकष आहेत. कायद्यात नसलेला निकष म्हणजे भिंतीवरचा सुविचार.

तर त्या 18 मिनिटांतला मोठा वाटा कागद खातो. टीपीआर चार्ट, इनटेक-आउटपुट चार्ट, औषधांचा चार्ट, पडण्याची शक्यता मोजणारा चार्ट, बेडसोरची शक्यता मोजणारा चार्ट, आणि हे सगळे चार्ट भरले आहेत की नाहीत याचा चार्ट. खाजगीत मानांकनाची तपासणी जवळ आली की आठवडाभर आम्ही पेशंटकडे पाठ करून बसतो, कारण पेशंटकडे किती लक्ष दिलं हे लिहून काढायचं असतं. पहिल्या वर्षापासून कानीकपाळी ओरडून शिकवतात, लिहिलं नाही तर केलं नाही. बरोबर आहे. फक्त त्याचा उलटा अर्थही वॉर्डात रूढ झाला, की लिहिलं म्हणजे केलं. मधल्या खाटेवरची आजी दुपारपासून डाव्या कुशीवर आहे आणि कागदावर तिने चार वेळा कूस बदलली आहे.

ज्या बाईच्या नावाने दरवर्षी 12 मे रोजी आम्हाला गुलाबाचं फूल आणि वडापाव मिळतो, ती फ्लोरेन्स नाइटिंगेल आकड्यांची पक्की होती. लंडनच्या सांख्यिकी संस्थेने 1858 साली तिला सदस्य करून घेतलं, अशी पहिलीच बाई. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे तिने आकृती काढून सरकारच्या नाकासमोर धरलं आणि सैन्याची इस्पितळं सुधारायला लावली. तिने आकडे सरकारला बोलायला लावण्यासाठी गोळा केले. आपण ते फायलीत गप्प बसवण्यासाठी गोळा करतो. आणि फोटोत तिच्या हातात दिवाच दाखवतो. तक्ता हातात असलेली बाई कुठल्याच व्यवस्थापनाला परवडत नाही.

कागदाचा उपयोग होतो तो एकदाच. काहीतरी भयंकर घडतं तेव्हा. नोव्हेंबर 2021 मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी 11 पेशंट गेले. काही दिवसांत अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याला नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हाही कारवाईच्या यादीत परिचारिका होत्याच. कोणाचा किती दोष, हे न्यायालय पाहील, तिथे मी तोंड घालत नाही. पण इमारतीची वायरिंग, अग्निशमनाची तपासणी, मंजूर न झालेला निधी यांपैकी काहीही नर्सच्या हातात नसतं. तिच्या हातात असतं ते ड्युटी रजिस्टर, आणि त्यात तिची सही असते. वरच्या माणसाची सही नेहमी दुसऱ्या फायलीत असते आणि ती फाईल नेहमी मंत्रालयात असते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण ज्याने काढली त्याने नाईट ड्युटी केलेली असणार.

आमच्या रक्षणाला कायदा आहे बरं. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हात उचलला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड, असा महाराष्ट्राचा कायदा 2010 पासून आहे. त्याचा बोर्ड बहुतेक इस्पितळांत लावलेला असतो. मारायला येणारा जमाव बोर्ड वाचायला थांबत नाही आणि सुरक्षारक्षक तेवढ्यात चहाला गेलेला असतो. जमाव डॉक्टरला शोधत येतो. डॉक्टर ऑपरेशन थिएटरात असतात, वरिष्ठ मीटिंगमध्ये असतात. टेबलाशी कायम बसलेली सापडते ती सिस्टर.

अरुणा शानबाग हे नाव दरवेळी आमच्या भाषणांत येतं, डोळे पाणावतात आणि मग चहा येतो. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तळघरात, ड्युटी संपल्यावर कपडे बदलायला गेलेल्या या नर्सवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. पुढची जवळजवळ 42 वर्षं, 18 मे 2015 ला ती गेली तोवर, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं. भरवलं, धुतलं, पुसलं, कूस बदलली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोर नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयातही घेतली गेली. 2011 साली तिच्या दयामरणाचा अर्ज न्यायालयाने फेटाळला आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. त्यातला एक तपशील मात्र गाळतो. ती कपडे बदलायला तळघरात गेली होती, कारण कपडे बदलायला धड जागा नव्हती. आज किती वॉर्डांत आहे, एकदा मोजून पाहा. चेंजिंग रूम अशी पाटी असलेल्या खोलीत हातमोज्यांचे खोके, मोडकी व्हीलचेअर आणि वर सांगितलेली फाटक्या चादरींची गाठोडी असतात. कडी आतून लागत नाही. रात्री अकरा वाजता दाराला खुर्ची लावून साडी बदलणारी मुलगी नाइटिंगेलची शपथ घेऊन आलेली असते.

पगाराचं थोडक्यात सांगते, कारण तो थोडकाच असतो. खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या जानेवारीत केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने म्हटलं, दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार द्या, आणि अगदी पन्नास खाटांच्या आतल्या नर्सिंग होममध्येही महिन्याला 20 हजारांच्या खाली जाऊ नका. तुमच्या गल्लीतल्या नर्सिंग होममधल्या मुलीला एकदा खालच्या आवाजात विचारा. ती आधी इकडेतिकडे पाहील. तिची मूळ सर्टिफिकेटं मालकाच्या कपाटात असतील तर कदाचित सांगणारही नाही. सरकारीत पगार बरा, हे खरं. म्हणून तिथे माणसंच भरत नाहीत, किंवा कंत्राटदारामार्फत भरायचं घाटतं. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका याच बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा "सेवा करणाऱ्यांनी संप करावा का" या विषयावर वाहिन्यांवर गंभीर चर्चा झाल्या. सेवा करणाऱ्यांना घरभाडं असतं का, यावर अजून झालेली नाही.

कोविडमध्ये थाळ्या वाजल्या. 3 मे 2020 ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी मुंबईसह देशभरातल्या रुग्णालयांवर फुलं उधळली. त्या काळात आम्ही रेनकोटसारख्या बंद पोशाखात घामाने निथळत होतो, लघवीला जायला मिळणार नाही म्हणून पाणी पीत नव्हतो. साथ ओसरली आणि कंत्राटावर घेतलेल्या कितीतरी जणींना "आता गरज नाही" असं सांगण्यात आलं. फुलांचा इंडेंट मात्र कोणी, कधी, कुठल्या स्टोअरला दिला कोण जाणे. आम्हाला सेलसाठी तीन आठवडे लागतात.

बोलाचीच कढी, बोलाचाच भात खाऊन या धंद्यातल्या पोरी परदेशी निघाल्या आहेत. आखात, इंग्लंड, आयर्लंड, आता जर्मनीसाठी भाषेचे वर्ग. जाणारीला निरोप देताना मेट्रन म्हणतात, "देशाची सेवा कोण करणार?" ती हसते. तिचा तिथला पगार तिने आधीच रुपयांत करून पाहिलेला असतो.

तर वाचकहो, देवदूत वगैरे म्हणू नका, देवदूतांना जेवणाची सुट्टी नसते. खाटेजवळ एकच नातेवाईक थांबा, सलाईनच्या चाकाला हात लावू नका, केळ्याची सालं पिवळ्या डब्यात टाकू नका. आणि पुढच्या वेळी आपल्या माणसाला भरती करताना एसी आहे का, टीव्ही आहे का, पार्किंग आहे का हे विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? उत्तर लेखी मागा. काउंटरवरच्या माणसाने वरिष्ठांना फोन लावला तर घाबरू नका, उभे राहा. आम्हाला गेली कित्येक वर्षं मागूनही हे उत्तर मिळालेलं नाही. तुम्ही बिल भरता, तुम्हाला कदाचित मिळेल.